हरताळाखालचं नाव

"या किरणानं कसर मरते काय?" पोथ्या सांभाळणाऱ्या शकूताईंनी विचारलं.

जैन पोथीभांडाराच्या दारात आम्ही दोघं धोतर नेसून, तोंडाला पांढरं फडकं बांधून उभे होतो. यंत्र सौमित्रच्या हातात होतं. दिसायला ते केस वाळवायच्या ड्रायरसारखं, पण त्याचा मान जावयाचा. रंगावर रोखून कळ दाबली की त्या रंगात पारा आहे, तांबं आहे की आणखी काही, ते आकड्यांत सांगायचं. पोथीचा कपटाही तोडावा लागत नसे.

"ते कसरीलाच विचारावं लागेल," मी म्हणालो.

शकूताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं, आणि चुकलेल्या उत्तराकडे कसं पाहायचं हे निवृत्तीनंतरही त्या विसरल्या नव्हत्या.

"नाही मरत, ताई," सौमित्र म्हणाला. "मात्रा फार थोडी असते. तरी आपण आधी कसरीचे किडे हलकेच बाजूला करू, मग किरण सोडू. तुम्ही म्हणाल तसं."

"हे पोट्टं समजदार हाये," त्या म्हणाल्या आणि कुलूप काढलं.

झालं. विदर्भातल्या त्या गावात पोचून आम्हाला तासही झाला नव्हता आणि तो समजदार ठरला होता. मी काय ठरलो होतो हे कुणी बोललं नाही, पण माझ्या पिशवीतलं कांद्या-लसणाच्या चिवड्याचं पाकीट फाटकाबाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावलं होतं, त्यावरून अंदाज येत होता. माझा पट्टाही तिथेच होता, कारण तो चामड्याचा. सौमित्रचा कापडी. त्याला हे नियम आधीपासून माहीत होते असं नाही. त्याचं आयुष्यच तसं होतं. जगात कुठेही नियमांची पाटी लागली की तो आधीपासून ती पाळत असायचा.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच दिवशी लागलो. काम एकच, जुन्या सचित्र पोथ्यांमधले रंग कशापासून केलेत ते शोधायचं. टेबल एक, पंखा एक, आणि आता कायम होणारी जागाही एकच. ती कुणाला द्यायची ते टिळेकर मॅडम या दौऱ्यानंतर ठरवणार होत्या. मॅडम फार बोलत नसत. काम आवडलं तर "वा" म्हणायच्या, नाही आवडलं तर "हं". सौमित्र राजाध्यक्षला आठवड्याला दोन-तीन "वा" मिळायचे. मला एकदाच मिळाला होता, पण तेव्हा मी चहा आणला होता.

आत एक जुना लाकडी चौरंग होता. शकूताईंनी लाल कापडाचं वेष्टन सोडलं आणि पोथी उघडली. पाचशे वर्षांपूर्वीची कागदी पोथी. हिंगुळाची लाल जमीन, जंगालाची हिरवी झाडं, निळे हत्ती, आणि राजाच्या गळ्यात खऱ्या सोन्याचे टिपके. त्या चित्रांतल्या माणसांचे चेहरे एका बाजूनं दिसतात, पण दुसरा डोळा झाकायला चिताऱ्यांना आवडत नसे. तो ते चेहऱ्याबाहेर, हवेत काढायचे. मला ती माणसं लगेच ओळखीची वाटली. माझाही एक डोळा तसाच बाहेर होता, कायम सौमित्रच्या दिशेनं.

तो धोतरात चित्रातून उतरल्यासारखा दिसत होता. माझं धोतर मी डाव्या हातानं धरलं होतं.

"याला गाठ देता येत न्हाई वाटते," शकूताई सौमित्रला म्हणाल्या. मला नाही.

काम सुरू झालं. पद्धत शकूताईंनी ठरवली. पानावर किरण सोडायच्या आधी त्या मोरपिसांची छोटी कुंचली पानावरून फिरवायच्या. कुठे चंदेरी कसर दिसली की तिला म्हणायच्या, "सरक बापा." कसर कुंचलीवर चढायची. मग ती कुंचली मी कोपऱ्यातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याजवळ न्यायची आणि कसर तिथे सोडायची. पोथीऐवजी वर्तमानपत्र. पर्यायी जेवण.

म्हणजे असं, की सौमित्र पंधराव्या शतकातल्या सोन्यावर किरण सोडत होता आणि मी किड्यांचं पुनर्वसन करत होतो. एम.एस्सी. दोघांचीही होती.

"ताई, औषध का नाही घालत?" मी विचारलं. पानापानाला भोकं होती. काही ओळी तर जाळीसारख्या झाल्या होत्या.

"जीव हाये तो."

"पण पोथी खातोय."

"तू बी खातंच न काही. तुले कोनी औषध घातलं काय?"

सौमित्र फडक्याआडून हसला. त्याचं हसणंसुद्धा फडक्यातून चांगलं यायचं.

शेवटच्या पानाची तो सकाळपासून वाट पाहत होता. खरं तर दोन वर्षांपासून. या पानाचा फोटो त्यानं पूर्वीच कुठून तरी मिळवला होता. पानावर उजवीकडे चित्र, डावीकडे समाप्तीचा मजकूर, आणि त्याखाली बोटभर लांबीचा पिवळा पट्टा. त्यावर ना माणूस, ना झाड, ना अक्षर. नुसता पिवळा. या पट्ट्यावर सौमित्रचा सिद्धांत होता. चिताऱ्यानं पोथीच्या शेवटी मुद्दाम रंग रिकामा सोडलाय, म्हणजे उगवता प्रकाश, म्हणजे मोक्ष. त्यानं याला "रिकामा पिवळा" असं नाव दिलं होतं. एका परिषदेत तो यावर बोलला तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई रडल्या होत्या. टिळेकर मॅडम त्या दिवशी दोनदा "वा" म्हणाल्या, लागोपाठ.

मी त्या वेळी दुसऱ्या रांगेत होतो. मीही रडण्याच्या बेतात होतो, पण कारण वेगळं होतं.

शकूताईंनी कुंचली फिरवली. कसर निघाली नाही. सौमित्रनं यंत्र पट्ट्यावर टेकवल्यासारखं धरलं आणि श्वास रोखला. आकडे आले.

"आर्सेनिक, गंधक," त्यानं वाचलं. "हरताळ. शुद्ध हरताळ."

"म्हंजे?" शकूताई.

"पिवळा खनिज रंग, ताई. विषारी असतो, सोन्यासारखा चमकतो म्हणून वापरायचे. बघा ना, चिताऱ्यानं मोक्षासाठी सोनं नाही वापरलं. विष वापरलं."

हे वाक्य त्याला तिथल्या तिथे सुचलं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मला असं वाक्य सुचायला रविवार लागतो, आणि तेव्हा ऐकायला कुणी नसतं.

"छान बोलते बाप्पा हा," शकूताई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. गाळलेलं, उकळलेलं पाणी. त्याला तांब्या-भांडं, मला भांडं. परत येऊन त्या माझ्याजवळ बसल्या. बहुधा दया आली असावी.

"तुमच्यातला कोन कायम होनार हाये?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यानंच. म्हने, आमच्यातला एकच राहील, पन आमी मित्र हाओत."

हेही त्यानंच सांगून टाकलं होतं, आणि चांगल्या शब्दांत. मला राहवलं नाही.

"ताई, तो असताना माझं काय होणार? माझ्या अर्जाला हरताळ फासलाच समजा."

बोललो आणि माझी नजर चौरंगावर गेली.

आम्ही दोघं रसायनवाले. पोथीशी आमचा संबंध चित्रांपुरता. अक्षर म्हणजे आमच्या दृष्टीनं चित्राच्या आजूबाजूला पडलेली काळी शाई. रंगांच्या यादीत हरताळ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल, आणि फासायचा हरताळ तोंडानं हजार वेळा. दोघांची ओळख कधी करून दिली नव्हती.

"सौमित्र," मी म्हणालो, "हरताळ फासलाय."

"कशाला?"

"तेच तर. कशाला?"

"काय कशाला?"

"अरे, हरताळ फासणं म्हणजे काय?"

"संप. दुकानं बंद करणं." तो इंग्रजी शाळेत शिकला होता. "मला नेहमी वाटायचं, दुकानांना फासतात काय?"

"लिहिताना चूक झाली की लिहिणारा त्यावर हरताळाचा लेप फासायचा. वाळला की त्यावरून पुन्हा लिहायचं. खोडरबर नव्हतं. तुझा मोक्ष म्हणजे व्हाइटनर आहे."

भांडारात शांतता पसरली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर शांतता होती. सौमित्रनं पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पट्ट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला नाही, नुसता जरा कमी देखणा झाला. तेवढं मला पुरेसं होतं.

मग तो म्हणाला, "खाली काय आहे?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी विजयात बुडालो होतो.

आमच्याकडे अवरक्त कॅमेराही होता. त्याला हरताळ दिसत नाही, तो त्यातून काचेसारखा आरपार पाहतो, आणि काजळाची शाई मात्र ठळक दिसते. सौमित्र कॅमेरा काढायला वळला. तो पिशवीपर्यंत पोचायच्या आत मी पोचलो. या घाईत माझा डावा हात मोकळा झाला आणि धोतरानं आपला निर्णय घेतला. सुदैवानं आत बर्म्युडा होती. तिच्यावर अननस होते.

"आधी ते नीट कर," शकूताई म्हणाल्या. "मंग शोध लाव."

मी पडद्याआड जाऊन, गाठीवर गाठ मारून आलो. सौमित्र थांबला होता. कॅमेऱ्याला त्यानं हात लावला नव्हता. हा त्याचा मोठेपणा होता, आणि त्याचा मला जास्त राग आला.

पट्ट्यावर कॅमेरा धरला. लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळा रंग विरून गेला आणि खालून काळी अक्षरं वर आली. स्पष्ट, टपोरी, जणू कालच लिहिलेली. वळण जुनं होतं, आम्हाला लागेना. शकूताईंनी चष्मा लावला.

"चि... ता... री," त्या बोट न लावता वाचत गेल्या. "चितारी देल्हा."

"चित्रं काढनाऱ्याचं नाव हाये हे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं कोनालेच ठाऊक न्हवतं."

"मग खोडलं कुणी?" सौमित्र.

"हरताळाची वाटी कुणाकडे असते?" मी म्हणालो. "लिहिणाऱ्याकडे. त्यानं महिनोन्‌महिने अक्षरं घोटली असतील, आणि पोथी उघडली की लोक म्हणत असतील, काय चित्रं आहेत. मजकूर वाचतंय कोण."

हे मी इतक्या आतून बोललो की सौमित्रनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"लिहिनाऱ्याचं नाव काय मंग?" शकूताईंनी विचारलं.

ते पट्ट्याच्या वरच्याच ओळीत होतं. म्हणजे असायला हवं होतं. "लिखितं" हा शब्द होता, आणि त्यापुढे भोक. मोठं, कडा कुरतडलेलं, अगदी नाव मावेल एवढं.

शकूताईंनी त्या भोकावर वाकून पाहिलं. मग पिवळ्या पट्ट्याकडे. संबंध पानाची चाळण झाली होती, पण पट्ट्याला एक टोचाही नव्हता.

"विषारी हाये म्हनला न तू?" त्यांनी सौमित्रला विचारलं.

"हो."

"म्हनून कसरीनं सोडलं." त्या हसायला लागल्या. तोंडावरचं फडकं हलायला लागलं. "ज्यानं खोडलं त्याचं नाव खाल्लं, आन ज्याचं खोडलं त्याचं जपलं. कसरीले पन हिशोब येते बापा."

गावात मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ होती. सौमित्र मॅडमना फोन करायला तिकडे गेला. मी मागून गेलो, गाठी सांभाळत. पोचलो तोवर तो सांगत होता, "आम्हाला हरताळाखाली नाव सापडलं, मॅडम. आम्हाला शंका आलीच होती." पलीकडून आवाज आला. एवढ्या लांबूनही मला तो ऐकू आला.

"वा."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माझं नाव घेतलंस?"

"आम्ही म्हणालो ना."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आम्ही."

मराठीत एकटा माणूसही स्वतःला आम्ही म्हणू शकतो. त्याला फक्त तसा चेहरा लागतो, आणि तो सौमित्रला होता. मी त्याच्या हातून फोन घेऊन मॅडमना पुन्हा लावला. "मॅडम, ती शंका मला आली होती," मी म्हणालो.

"हं," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत शकूताईंनी जेवायला वाढलं. मुगाचं वरण, गवार, पोळ्या. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "ते हरताळाचं पहिलं कोनाच्या ध्यानात आलं?"

"याच्या," सौमित्र म्हणाला. लगेच, मान खाली घालून.

त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली. निघताना त्यांना आमची पूर्ण नावं हवी होती. पोथीसाठी काचेची पेटी करणार होत्या आणि शेजारी पाटी लावणार होत्या. मी विश्वजीत ढमाले असं सांगितलं. "ढ कोणता?" असं कुणी विचारत नाही, कारण एकच असतो, पण त्या तरी माझ्याकडे पाहून जरा थांबल्या.

जागा सौमित्रला मिळाली. पत्र आलं तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हातही बरोबर वजनाचा होता.

मी एका रंगाच्या कंपनीत लागलो. रस्त्यावरचे पिवळे पट्टे असतात, ते उन्हात किती दिवस टिकतात हे पाहणं माझं काम. हसू नका, पगार बरा आहे. पण एक डोळा बाहेरच राहिला. सौमित्रचे लेख यायचे, परिषदांचे फोटो यायचे, मध्यंतरी त्याचं लग्नही झालं आणि बायको फोटोत त्याच्याकडे पाहून हसत होती. मी प्रत्येक गोष्ट वाचायचो, मोठी करून बघायचो. एकतर्फी प्रेम करणाऱ्यांना निदान गाणी तरी असतात. एकतर्फी मत्सराला काही नाही. ज्याचा मत्सर करावा त्याला पत्ताही नसतो. तो आपला झोपतो, उठतो, पुरस्कार घेतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच भागातल्या महामार्गावर पट्टे तपासायला गेलो होतो. गाडी गावाकडे वळवली. या वेळी पट्टा कापडी घातला होता.

शकूताई वाळल्या होत्या, पण त्यांनी ओळखलं. "अननसवाला," त्या म्हणाल्या.

काचेची पेटी झाली होती. खिडकीजवळ पाटी होती, जाड पुठ्ठ्यावर शाईनं हातानं लिहिलेली. उन्हं रोज तिच्यावर येत असावीत. अक्षरं विटून इतकी फिकी झाली होती की मला नाक लावून वाचावं लागलं. चितारी देल्हा यांचे हरताळाखालील नाव शोधणारे, असं होतं. त्याखाली कागदाची एक पांढरी पट्टी डिंकानं चिकटवलेली. तिच्याखाली, जवळपास दिसेनासं झालेलं, सौमित्र राजाध्यक्ष.

"ही पट्टी कशाची, ताई?"

"त्यानंच चिकटवली. आला होता मांगं एकदा, एकटाच. खास पुन्यावरून. पाटीपुढं लय वेळ उभा होता. मले म्हने, ताई, नाव लिहिताना चूक झाली, मी दुरुस्त करून देतो. मंग चिकटवली, आन वर लिहायचं राहूनच गेलं बहुतेक."

मी नखानं पट्टीचं टोक उचललं. डिंक वाळला होता, ती अलगद सुटली. खाली विश्वजीत ढमाले असं होतं. काळं कुळकुळीत, एक काना फिका नाही. चूकही कुठेच नव्हती.

मी ते नाव पाहत उभा राहिलो. सौमित्र राजाध्यक्ष, कायम जागेवरचा, "वा"वाला, रात्रभर गाडीत बसून या गावी आला होता. जिथे वर्षाला दहा माणसं येत नाहीत, तिथे. खिशात डिंक घेऊन. एवढी वर्षं त्याचाही एक डोळा बाहेर होता, हवेत, माझ्या दिशेनं. आणि मला पत्ताही नव्हता. मी आपला झोपत होतो, उठत होतो, पट्टे तपासत होतो.

इतका सन्मान माझा कधी कुणी केला नव्हता.

"काढून टाक न बापा ते कागद," शकूताई म्हणाल्या. "तुझं नाव हाये ते."

"डिंक आहे का, ताई?"

त्यांनी वाटीत डिंक आणून दिला. मी बोटानं पट्टीच्या कडेकडेनं लावला, ती होती तशी परत बसवली आणि तळव्यानं नीट दाबली.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "ऊन फार येतं इथे."